सरकारी कंत्राट : घेतांना आणि निभावतांना

सरकारी कंत्राटासारख्या विषयावर एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, याचें आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला. उभा जन्म मुलांचीं शुद्धलेखनें तपासण्यांत गेला. कायद्याची पदवी माझ्यापाशीं नाहीं, आणि कंत्राट तर मीं आयुष्यांत एकहि घेतलें नाहीं. परंतु माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला या बाबतींत मीं एकदां सल्ला दिला. तो सल्ला चुकला, आणि त्या चुकीची किंमत त्याला मोजावी लागली. त्यानंतर मी हा विषय नेटानें वाचूं लागलों, जाणत्यांना विचारूं लागलों. त्या अभ्यासांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

शहरांतील पुष्कळ सुशिक्षित घरांतून आज कोणी ना कोणी तरुण नोकरीऐवजीं लहानसा धंदा करूं पाहतो. कोणी संगणक पुरवितो, कोणी कचेरीच्या झाडलोटीचा ठेका घेतो, कोणी शाळांना बाकें करून देतो. या सर्वांना सरकार हें फार मोठें गिऱ्हाईक आहे. २०१६ सालीं केंद्र सरकारनें 'गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस' नांवाची ऑनलाइन बाजारपेठ उघडली. महाराष्ट्रांतहि निविदा आतां बहुधा संगणकावरच भराव्या लागतात. पूर्वीं कचेरीच्या पायऱ्या झिजविल्याशिवाय जें दार दिसत नसे, तें आतां घरबसल्या दिसूं लागलें आहे. दार दिसलें कीं आंत शिरण्याची घाई होते, आणि बहुतेक चुका या घाईंतच जन्म घेतात.

प्रथम ती हकीकत सांगतों. विद्यार्थ्याचें नांव, गांव किंवा कचेरी सांगण्याचें कारण नाहीं. तालुक्याच्या गांवीं त्याचें सुतारकामाचें दुकान. हात चांगला आणि व्यवहार सरळ. एका शाळेच्या तीन वर्गांचें कौलारू छप्पर दुरुस्त करण्याचें काम त्याला मिळालें. किती वासे बदलावयाचे, किती रिपा, किती कौलें, हें सारें निविदेच्या परिमाणपत्रकांत लिहिलेलें होतें. मे महिन्यांत कौलें उतरलीं तेव्हां असें दिसलें कीं, पत्रकांत लिहिल्यापेक्षां कुजलेले वासे कितीतरी अधिक आहेत. एक तुळईहि वाळवीनें आंतून पोखरलेली आहे. पाहणीस आलेल्या अभियंत्यांनीं तें पाहिलें आणि ते म्हणाले, "पावसापूर्वीं करून टाका, कागदाचें मागाहून बघूं."

त्या संध्याकाळीं तो माझ्याकडे आला. "गुरुजी, लेखी मागूं का?" असें त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "अरे, मुलांच्या डोक्यावरचें छप्पर आहे. भल्या माणसानें शब्द दिला आहे. त्याच्यापुढें कागद काय धरतोस? बरें दिसत नाहीं तें."

त्यानें माझें ऐकलें. वखारींतून उधारीनें लांकूड आणलें, आणि शाळा उघडण्यापूर्वीं छप्पर पुरें केलें. त्याच सुमारास त्या अभियंत्यांची बदली झाली. त्यांच्या जागीं आलेल्या साहेबांनीं मोजमाप पुस्तिका उघडली. तींत जादा वाशांची एक ओळहि नव्हती, आणि वासे तर कौलांखालीं झांकले गेले होते. "जें पुस्तिकेंत नाहीं, त्याचे पैसे मी कोणत्या आधारावर देऊं?" असा त्यांचा प्रश्न, आणि खरें सांगावयाचें तर त्यांत त्यांचें कांहीं चुकलें नव्हतें. वखारवाल्याचें देणें भागविण्यासाठीं माझ्या विद्यार्थ्याच्या पत्नीच्या बांगड्या गहाण पडल्या. तीहि माझीच विद्यार्थिनी. त्या दिवसापासून शब्द आणि कागद यांविषयींचें माझें मत बदललें.

आतां मुख्य विषयाकडे वळतों.

पहिली चूक म्हणजे निविदा पुरती न वाचणें. निविदा म्हणजे केवळ दर भरावयाचा रकाना नव्हे. तिला सर्वसाधारण अटी असतात, विशेष अटी असतात, नकाशे व परिमाणपत्रक असतें. आणि मागाहून निघालेलें शुद्धिपत्रक तर पुष्कळजण उघडूनहि पाहत नाहींत. शुद्धिपत्रकानें तारीख बदलते, कधीं मालाचा दर्जा बदलतो, कधीं मुदत बदलते. निविदापूर्व बैठक ठेवलेली असेल तर शंका तेथेंच विचाराव्या. कंत्राटावर सही झाल्यानंतर शंकेला कोणी दाद देत नाहीं. आपल्याकडील सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदांत 'बी-१' आणि 'बी-२' असे दोन नमुने पुष्कळदां आढळतात. पहिल्यांत अंदाजपत्रकाच्या रकमेवर इतके टक्के वर किंवा खालीं असा एकच आंकडा द्यावयाचा असतो; दुसऱ्यांत प्रत्येक बाबीचा दर निराळा लिहावयाचा असतो. समजा, अंदाज दहा लाखांचा आहे आणि आपण पांच टक्के खालीं असें लिहिलें. म्हणजे काम साडेनऊ लाखांत करावयाचें, आणि हे पांच टक्के त्यांतील प्रत्येक बाबीवर कापले जावयाचे; मग त्यांतील एखादी बाब आपणांस मुळींच परवडत नसली तरी! वर्गांत उदाहरण सोडविण्यापूर्वीं मुलांना मीं नेहमीं सांगत असें कीं, आधीं प्रश्न दोनदां वाचा. निविदेच्या बाबतींत तो तीनदां वाचावा.

दुसरी चूक म्हणजे काम मिळविण्याच्या ईर्ष्येनें परवडत नाहीं असा दर देणें. सर्वांत कमी दराच्या लायक निविदेस बहुधा काम मिळतें, हें खरें. पण तोट्याचें काम मिळणें हा लाभ नव्हे. दर काढतांना माल आणि मजुरी एवढेंच धरून भागत नाहीं. वाहतूक, विमा, वस्तु व सेवा कर, अनामतीवर अडकून पडणाऱ्या पैशाचें व्याज, आणि बिल निघण्यास लागणारा काळ, हें सर्व त्यांत आलें पाहिजे. शिवाय अंदाजपत्रकापेक्षां फारच खालीं गेलेल्या दराबद्दल जादा अनामत मागण्याची अट पुष्कळ निविदांत असते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

तिसरी चूक अनामतीच्या हिशेबांतील. निविदेबरोबर भरावयाची ती बयाणा रक्कम, आणि काम मिळाल्यावर द्यावयाची ती कार्यपूर्तीची हमी. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणें बयाणा रक्कम सामान्यतः अंदाजित किंमतीच्या २ ते ५ टक्के असते. हमी बँकेमार्फत दिली असेल तर तिची मुदत केव्हां संपते हें भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावें. पुरवठादाराचीं सर्व बंधनें, मालाच्या हमीच्या काळासह, पुरीं झाल्यानंतर आणखी साठ दिवस ती हमी चालू असावी, असा केंद्राचा नियम आहे. म्हणजे माल देऊन आपण मोकळे झालों असें वाटलें, तरी आपले पैसे मोकळे झालेले नसतात. बांधकामांत दोषदायित्वाचा काळ असतो. त्या काळांत भिंतीला तडा गेला तर दुरुस्ती आपल्या खर्चानें. तो काळ संपतांच अनामत परत मागण्याचा अर्ज करणें हेंहि आपलेंच काम. ती आपोआप चालत घरीं येईल या भरंवशावर राहूं नये. घरांतील वडील माणसांना माझें सांगणें असें कीं, मुलाच्या पहिल्या कंत्राटांत घराची सगळी पुंजी घालूं नका. बिल कांहीं महिने आलें नाहीं तरी घर चालेल, एवढी रक्कम बाजूस ठेवूनच पुढें पाऊल टाकावें.

चौथी चूक म्हणजे तोंडी हुकमावर काम करणें. हीच माझी चूक. आपल्या राज्यघटनेच्या २९९ व्या अनुच्छेदाप्रमाणें केंद्राचें कंत्राट राष्ट्रपतींच्या नांवें आणि राज्याचें कंत्राट राज्यपालांच्या नांवें, अधिकार दिलेल्या व्यक्तीनेंच करावयाचें असतें. समोर उभा असलेला अधिकारी कितीहि सज्जन असो, त्याला जो अधिकार नाहीं तो त्याच्या सौजन्यानें उत्पन्न होत नाहीं. जादा कामाला कोणाची मंजुरी लागते, किती रकमेपर्यंत लागते, हें ठरलेलें असतें.

या संबंधांत सर्वोच्च न्यायालयाचा एक प्रसिद्ध निकाल आहे : पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल आणि सन्स. १९४४ सालीं हुगळी जिल्ह्यांतील आरामबाग येथें नागरी पुरवठा खात्यासाठीं या मंडळींनीं कोठारें, कच्चा रस्ता, कचेरी, स्वयंपाकघर अशीं कामें अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून केलीं. कायद्याला हवें तसें कंत्राट झालेलें नव्हतें, म्हणून पैशाचा वाद उभा राहिला. अखेर न्यायालयानें १८७२ च्या करार कायद्याचें ७० वें कलम लावलें. एखाद्यानें फुकट करण्याचा हेतु नसतांना दुसऱ्यासाठीं कायदेशीर काम केलें, आणि दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला दिला पाहिजे, असें तें कलम सांगतें. कंत्राटदाराचा जय झाला. परंतु तो कधीं? १९६१ च्या डिसेंबरांत! काम १९४४ चें, अंतिम निकाल १९६१ चा. मधें सतरा वर्षें गेलीं. न्याय मिळतो हें या गोष्टीचें एक अंग. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये असें आपले वडील कां म्हणत, हें तिचें दुसरें अंग.

मग तोंडी हुकूम आला तर करावें काय? साहेबांशीं भांडावें का? मुळींच नाहीं. त्याच संध्याकाळीं चार ओळींचें नम्र पत्र लिहावें : "आज अमुक तारखेस स्थळपाहणीच्या वेळीं आपण सांगितल्याप्रमाणें पत्रकांत नसलेले इतके वासे व एक तुळई बदलणें आवश्यक असल्याचें आढळलें आहे. या कामाचा अंदाजे खर्च इतका होईल. लेखी मंजुरी मिळतांच काम सुरू करतों. उशीर झाल्यास मुदतींत तेवढी वाढ मिळावी." बस्स, इतकेंच. हें पत्र कचेरींत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोंच घ्यावी आणि ई-मेलनेंहि पाठवावें. यांत अविश्वास नाहीं, उद्धटपणा नाहीं. उलट, जादा मंजुरीचा प्रस्ताव वर पाठविण्यास त्या अधिकाऱ्याच्या हातींहि एक आधार येतो. मीं मात्र त्या दिवशीं पत्र लिहिणें म्हणजे अपमान करणें असें समजलों. आयुष्यभर मुलांना पत्रलेखन शिकविलें, आणि ज्या दिवशीं एका पत्राची खरी गरज होती त्या दिवशीं तें लिहूं दिलें नाहीं!

पांचवी चूक मोजमापाची. केलेलें काम आणि मोजलेलें काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे मिळतात ते मोजलेल्या कामाचे. पाया, गिलाव्याखालचें काम, जमिनीखालचे नळ, कौलांखालचे वासे, हीं सारीं मागाहून दिसत नाहींत. म्हणून झांकण्यापूर्वीं मोजणी करण्यास लेखी बोलवावें, दोघांच्या सह्या घ्याव्या, आणि तारखेसह छायाचित्रें काढून ठेवावीं. आज प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र काढण्याचें साधन आहे. तें वापरण्याची आठवण तेवढी हवी. मोजमाप पटलें नाहीं तर मुकाट्यानें सही करूं नये. आपली हरकत लेखी नोंदवावी. 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' अशा मजकुराखालीं सही करतांना तर दहा वेळां विचार करावा, कारण पुढच्या मागणीचा मार्ग ती सही बहुधा अवघड करून ठेवते.

सहावी चूक मुदतीची. पुरवठ्याच्या पुष्कळ कंत्राटांत उशिराबद्दल दर आठवड्यास अर्धा टक्का, आणि अधिकांत अधिक दहा टक्के, अशी कपात लिहिलेली असते. उशीर कधीं आपल्यामुळें होतो, कधीं सरकारमुळें : जागा रिकामी करून मिळाली नाहीं, नकाशा उशिरां आला, वीज जोडली गेली नाहीं. अशी प्रत्येक अडचण ज्या दिवशीं आली त्याच दिवशीं नोंदवावी, आणि मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीं द्यावा. मुदत टळून गेल्यावर सांगितलेलें कारण कितीहि खरें असलें तरी सबबीसारखें दिसतें. गृहपाठ न आणणाऱ्या मुलांचा मला जो अनुभव आहे, तोच कचेऱ्यांना कंत्राटदारांचा असतो.

सातवी चूक पैसे मागण्यांतील संकोच आणि कराच्या बाबतींतील अज्ञान. करार अडीच लाख रुपयांहून अधिक किंमतीचा असेल तर सरकारी कचेरी बिलांतून वस्तु व सेवा कराची २ टक्के वजावट करते. ही पद्धत १ ऑक्टोबर २०१८ पासून सुरू झाली. ती रक्कम बुडालेली नसते. ती आपल्या कराच्या खात्यांत जमा होते. पण खातें उघडून पाहिलेंच नाहीं, तर ती आपल्याला बुडाल्यासारखीच.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीं २००६ चा एक कायदा आहे, तो प्रत्येक लहान पुरवठादारानें जाणून घ्यावा. त्याप्रमाणें माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत; न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानें, दरमहा चक्रवाढीनें, व्याज द्यावें लागतें. तक्रारीसाठीं राज्यांतून निराळ्या परिषदा नेमलेल्या आहेत. यासाठीं लागणारी उद्यम नोंदणी विनामूल्य होते. ती काम घेण्यापूर्वींच करून ठेवावी. तहान लागल्यावर विहीर खणूं नये. हा कायदा बांधकामाच्या कंत्राटास लागू पडतो कीं नाहीं, याविषयीं मात्र न्यायालयांत वाद झालेले आहेत. तेव्हां अशा कामांत वकिलाचा सल्ला आधीं घ्यावा. आणि एक लक्षांत ठेवावें : येणें रकमेचा दावा लावण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. "आज देतों, उद्यां देतों" हें ऐकतां ऐकतां तीन वर्षें सहज निघून जातात.

शेवटची गोष्ट चुकीहून मोठी आहे. ती पापाच्या सदरांत पडते. काम मिळविण्यासाठीं किंवा बिल काढण्यासाठीं हात ओले करावे लागतातच, असें पुष्कळजण शहाणपणाच्या सुरांत सांगतात. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणें लांच देणारा हाहि गुन्हेगार ठरतो. ज्याला ती देण्यास भाग पाडलें, त्यानें सात दिवसांच्या आंत पोलिसांस किंवा तपासयंत्रणेस कळविलें, तरच तो सुटतो. तसेंच, तिघां-चौघांनीं मिळून आधीं दर ठरवून निविदा भरणें हें २००२ च्या स्पर्धा कायद्याविरुद्ध आहे. "यावेळीं तूं वर लिही, पुढच्या वेळीं मी लिहीन" हें बोलणें मैत्रीचें वाटलें, तरी तें बेकायदेशीर आहे. आणि अशा मार्गानें गेलेला पैसा शेवटीं कोठून काढला जातो? सिमेंटमधून, लांकडामधून, म्हणजे त्या छपराखालीं बसणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेमधून.

आतां त्या हकीकतीचा शेवट सांगतों. माझ्या विद्यार्थ्यानें वर्षभर हेलपाटे घातल्यावर, मीं त्याला २००५ च्या माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज लिहून दिला. दहा रुपयांच्या शुल्कावर स्थळपाहणीच्या नोंदींची नक्कल मागितली. तींत बदलून गेलेल्या अभियंत्यांच्या हातची एक ओळ सांपडली : कौलें उतरल्यावर तुळई व कांहीं वासे कुजलेले आढळले. त्या एका ओळीवर पुन्हां प्रस्ताव गेला, आणि तुळईचे व थोड्या वाशांचे पैसे मंजूर झाले. उरलेल्या वाशांचे मिळाले नाहींत. बांगड्या सोडविण्यास दोन वर्षें लागलीं, आणि सावकाराचें व्याज त्यानें आपल्या दुकानाच्या मिळकतींतून भरलें.

मी त्याच्या घरीं गेलों आणि त्या दोघांसमोर माझी चूक कबूल केली. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत तांबड्या शाईनें खुणा करणाऱ्यानें स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालूं नये. तो आजहि सरकारी कामें घेतो, आणि प्रत्येक कामाची निराळी वही ठेवतो : डाव्या पानावर काय सांगितलें गेलें, उजव्या पानावर त्याचें कोणत्या तारखेस पत्र गेलें. उजवें पान कोरें असेल तर काम सुरू होत नाहीं. तें छप्पर मात्र भक्कम आहे. मागच्या पावसाळ्यांत मी मुद्दाम जाऊन पाहून आलों.

श्रोतेहो, सरकारी काम हें आपल्या सर्वांचें काम आहे. त्याचा पैसा आपल्या सर्वांचा आहे. म्हणूनच सरकार प्रत्येक रुपयामागें कागद मागतें, आणि तें योग्यच आहे. भल्या माणसावर विश्वास अवश्य ठेवावा. पण त्याची बदली झाल्यानंतरहि तो विश्वास टिकावा, यासाठीं तो कागदावर उतरवून ठेवावा. आपल्या घरांतील एखादा तरुण पहिलें कंत्राट घेऊन आशीर्वादासाठीं वांकला, तर आशीर्वादाबरोबर एक कोरी वही त्याच्या हातीं द्या, आणि पहिल्या पानावर आजची तारीख त्याच्याकडूनच घालून घ्या.